वळूची तपासणी होते, नवऱ्याची का होत नाही?

पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत किंवा खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार खोंड घ्यायला आलेला शेतकरी जनावराभोवती दोन-तीन चकरा मारल्याशिवाय किमतीचा शब्द काढत नाही. शिंगांचा डौल, वशिंड, खूर, चाल, बाप कोणाच्या दावणीचा, आईच्या पोटी आधी काय झाले, हे सगळे विचारून होते. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतींना पुन्हा परवानगी दिली, तेव्हापासून खिलार नराचा भाव चढला आणि पारखही कडक झाली. वळू म्हणून ठेवलेल्या नराबाबत तर एक हिशेब गोठ्यातल्या पोरालाही ठाऊक असतो. एखादी गाय भरवूनही उलटली तर दोष गाईत असू शकतो. त्याच वळूने भरवलेल्या पाच गाई उलटल्या तर दोष वळूत आहे.

त्याच गावात, त्याच घरात, सुनेला लग्नानंतर दोन वर्षांत दिवस गेले नाहीत तर हा हिशेब कोणी मांडत नाही. नवऱ्याला बायको एकच, त्यामुळे तुलनेला दुसरे काही नसते, आणि तुलना नसली की बोट बाईकडे जाते. जिथे तुलना आयती समोर आली, तिथेही तिचा अर्थ लावला गेला नाही. पहिलीला मूल नाही म्हणून दुसरी केली, दुसरीचीही कूस उजवली नाही, तरी गावाने निकाल दिला तो दोघी वांझ असल्याचा. जनावराच्या बाबतीत पाच गाईंवरून वळू ओळखणाऱ्या माणसाला दोन बायकांवरून नवरा ओळखता येऊ नये, हे अज्ञान नव्हे. ते ज्ञान घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवण्याचा हट्ट आहे.

सातारा-सांगलीच्या या पट्ट्यात तो हट्ट मोडायला हवा, असे माझे म्हणणे आहे. तो मोडण्यासाठी नवऱ्याने एकदा प्रयोगशाळेत जाऊन शुक्राणूंचा आकडा आणला म्हणजे भागत नाही. शुक्राणू ज्या द्रवातून प्रवास करतात त्या द्रवाकडे, त्यातल्या प्रथिनांकडेही पाहावे लागेल. पुरुषाच्या प्रजननक्षमतेचा मोठा भाग तिथे आहे आणि आपल्या बोलण्यात, तपासण्यांत, औषधोपचारांत त्याला जवळजवळ जागाच नाही.

याचे मूळ जुने आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात पुरुष म्हणजे बीज आणि स्त्री म्हणजे क्षेत्र अशी मांडणी आहे. शेतीवर जगणाऱ्या समाजाला ती सहज पटली, इतकी की आजही शिकलेली माणसे नकळत त्याच चौकटीत बोलतात. बीज स्वतःत पूर्ण आहे, त्याला फक्त पडायला जागा हवी, आणि पीक आले नाही तर जमीन नापीक, असा हा विचार. जीवशास्त्राने तो दोन्ही बाजूंनी खोटा ठरवला. स्त्रीबीज नावाची गोष्ट असते आणि मुलाच्या गुणसूत्रांपैकी निम्मी आईकडून येतात, हे आता शाळेत शिकवतात. पुरुषाचे बीजही पूर्ण नसते, ही दुसरी बाजू मात्र अजून घराघरांत पोचलेली नाही.

वृषणातून बाहेर पडणारा शुक्राणू पोहू शकत नाही आणि स्त्रीबीजात शिरूही शकत नाही. वृषणाला लागून असलेल्या अधिवृषण नावाच्या लांबच लांब वेटोळ्या नळीतून तो सरकत जातो तेव्हा त्याच्या पृष्ठभागावर नवी प्रथिने चढतात, काही जुनी उतरतात, आणि मगच त्याला हालचालीची ताकद येते. पुढे वीर्यस्खलनाच्या क्षणी रेताशय आणि पुरःस्थ ग्रंथी, म्हणजे प्रोस्टेट, यांचे स्राव त्यात मिसळतात. माणसाच्या वीर्यात शुक्राणू आणि त्यांच्यासोबत वृषणाकडून येणारा द्रव यांचा वाटा जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास असतो. सुमारे दोन तृतीयांश भाग रेताशयाचा आणि उरलेला बहुतेक प्रोस्टेटचा. नसबंदी झालेल्या पुरुषाला वीर्याच्या प्रमाणात काही फरक जाणवत नाही तो यामुळेच. नसबंदीने मर्दानगी जाते या समजुतीला एवढे एक उत्तर पुरेसे आहे.

हा द्रव केवळ वाहून नेणारे पाणी नाही, हे जनावरांचे रेत गोठवू पाहणाऱ्यांना फार आधी आणि फार महागात कळले. त्यातला एक धडा साताऱ्याच्या मातीशी जोडलेला आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने शेळ्या-मेंढ्यांच्या पैदाशीत मोठे काम केले. गारोळ मेंढीतला जुळी देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणणे हे त्यातले सर्वांत गाजलेले काम. गोठवलेल्या रेताच्या कांड्यांनी शेळ्या भरवण्याचे तंत्रही या संस्थेने हाती घेतले. गाईला कांडी भरणे आता गावोगाव चालते, मग शेळीला का नाही, असे कोणालाही वाटेल. अडचण बोकडाच्या रेतद्रवात आहे.

वळूचे रेत थंडीत टिकावे म्हणून त्यात अंड्याचा बलक मिसळतात. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये फिलिप्स आणि लार्डी यांनी १९४० मध्ये हा उपाय काढला आणि तो जगभर गेला. तोच बलक बोकडाच्या रेतात घातला की काही वेळात गुठळ्या होतात आणि शुक्राणू मरू लागतात. बोकडाच्या मूत्रमार्गाशी असलेल्या काउपर ग्रंथीतून एक विकर स्रवते. ते बलकातल्या लेसिथिनचे तुकडे करते आणि त्यातून निघणारे पदार्थ शुक्राणूंच्या आवरणाला विषारी ठरतात. ए. रॉय यांनी १९५७ मध्ये ‘नेचर’मध्ये या विकराची नोंद केली. पुढे फ्रान्समध्ये दिसून आले की दुधातही बोकडाचे शुक्राणू याच ग्रंथीच्या एका प्रथिनामुळे दगावतात, कारण ते दुधातल्या स्निग्धांशाचे विघटन करते. म्हणून बोकडाचे रेत गोठवायचे तर आधी ते धुवून रेतद्रव वेगळा काढा किंवा बलक अगदी थोडा वापरा, असा नियम झाला. एक प्रथिन, तेही ग्रंथीच्या स्रावातले. शुक्राणूंची संख्या उत्तम, हालचाल उत्तम, आणि तरी सगळा साठा वाया.

वळूची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. बलक रेताला वाचवतो हे १९४० पासून माहीत होते, पण का वाचवतो, हे साठ वर्षे नीट कळले नव्हते. मॉन्ट्रियल विद्यापीठातील पुट्टस्वामी मंजुनाथ यांनी वळूच्या रेतद्रवातल्या एका प्रथिनकुळाचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. शुक्राणूंना चिकटणारी ही प्रथिने वळूच्या रेतद्रवातल्या एकूण प्रथिनांच्या निम्म्याच्या आसपास भरतात. ती शुक्राणूच्या आवरणातले कोलेस्टेरॉल ओढून काढतात. गाईच्या शरीरात हे उपकारक आहे, कारण कोलेस्टेरॉल कमी झाल्याशिवाय शुक्राणू फलनासाठी तयार होत नाही. पण रेत बाटलीत तासन्‌तास ठेवले तर हीच प्रथिने कोलेस्टेरॉल काढतच राहतात, आवरण कमकुवत होते आणि थंडीत फाटते. बलकातले स्निग्ध कण या प्रथिनांना धरून ठेवतात आणि शुक्राणूला त्यांच्यापासून सोडवतात. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेली पाव मिलिलिटरची कांडी, सुमारे दोन कोटी शुक्राणूंची, आज सांगलीच्या एखाद्या वस्तीवर डॉक्टर थर्मासमधून घेऊन येतो, तिच्या यशात या प्रथिनांना आवर घालण्याचा वाटा आहे.

मेंढ्याचे रेत तिसरेच सांगते. स्पेनमधल्या सारागोसा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० च्या सुमारास दाखवले की थंडीचा झटका बसलेल्या मेंढ्याच्या शुक्राणूंना रेतद्रवातली प्रथिने परत दिली तर त्यांच्या आवरणाची हानी काही प्रमाणात भरून निघते. म्हणजे बोकडात मारक, वळूत वेळेनुसार मित्र किंवा शत्रू, मेंढ्यात तारक. जत तालुक्यातल्या माडग्याळी मेंढ्याला आटपाडीच्या बाजारात लाखांत मागणी येते ती त्याच्या नाकाच्या बाकावर आणि अंगाच्या उंचीवर. विज्ञानाला रस आहे तो त्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पाण्यात. या तीन जनावरांवरून एवढे नक्की होते की द्रवात काय आहे, किती आहे आणि शुक्राणू त्याच्या सहवासात किती वेळ आहे, यावर शुक्राणूचे भवितव्य ठरते.

माणसात हे वेळेचे गणित आणखी बारीक आहे. वीर्य बाहेर पडताच घट्ट होते आणि पंधरा ते तीस मिनिटांत पुन्हा पातळ होते. घट्ट होते ते सेमेनोजेलिन नावाच्या रेताशयातल्या प्रथिनामुळे. त्याच्या जाळ्यात शुक्राणू अडकलेले असतात आणि जवळजवळ थांबलेले असतात, कारण शुक्राणूच्या पृष्ठभागावरच्या एपिन नावाच्या प्रथिनाला सेमेनोजेलिन चिकटून बसते. प्रोस्टेटच्या स्रावात हे जाळे कापणारे विकर तयार असते, पण तिथे भरपूर असलेल्या जस्ताने ते निष्क्रिय ठेवलेले असते. दोन्ही स्राव एकत्र आले की सेमेनोजेलिन जस्त आपल्याकडे ओढून घेते, विकर मोकळे होते आणि ज्याने त्याला मोकळे केले त्यालाच कापू लागते. सेमेनोजेलिन तुटत जाते, एपिनवरची पकड सुटते आणि शुक्राणू पोहायला निघतात. रेताशय एक पदार्थ देतो, प्रोस्टेट दुसरा, जस्त त्या दोघांमध्ये वेळ राखते. निसर्गाची इतकी नेमकी रचना शाळेच्या पुस्तकात एका ओळीतही नसावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हे जाळे कापणारे विकर मराठी वाचकाला अगदी ओळखीचे आहे. साठी ओलांडलेल्या पुरुषाला मिरजेच्या कोणत्याही मोठ्या दवाखान्यात जी रक्ततपासणी करायला सांगतात, ती पीएसए, म्हणजे हेच प्रथिन. रक्तात त्याचे प्रमाण वाढले की प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका घेतात. जपानमध्ये हारा यांनी १९७१ मध्ये ते वीर्यातून वेगळे केले तेव्हा त्यांचा हेतू गुन्ह्याच्या तपासात वीर्याची खूण पटवण्याचा होता. वीर्याला पातळ करणे हे त्याचे मूळ काम. म्हातारपणी ज्याच्या आकड्याची आपण काळजी करतो, ते तरुणपणी नीट काम करते का, हे कोणी विचारत नाही. वीर्य तासाभरातही पातळ झाले नाही तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार ते नोंदवायला हवे.

या शास्त्रात महाराष्ट्राचा वाटा नगण्य नाही. मुंबईत परळला आयसीएमआरची प्रजनन संशोधन संस्था आहे. तिथे ए. आर. शेठ यांनी मानवी वीर्यातल्या एका लहान प्रथिनावर दीर्घकाळ काम केले. हे प्रथिन पिट्युटरी ग्रंथीतून येणारे एक संप्रेरक रोखते, म्हणजे ते इनहिबिन आहे, अशी त्यांची मांडणी होती. ती खरी ठरली तर पुरुषासाठी गर्भनिरोधकाची वाट मोकळी होणार होती. १९८४ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांसोबत त्यांनी त्या प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली. पुढे खरे इनहिबिन बीजग्रंथीतून सापडले, ते मोठे आणि निराळे निघाले, आणि परळच्या प्रथिनाची ओळख प्रोस्टेटचे एक प्रमुख प्रथिन अशी झाली. मांडणी बदलली तरी प्रथिन खरे होते, आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका समजून घेताना आज त्याचा अभ्यास होतो. चाळीस वर्षांपूर्वी मुंबईत वीर्यातल्या एकेका अमिनो आम्लाची मोजदाद चालली होती. तिथून दोन-अडीचशे किलोमीटरवरच्या तालुक्यांत आजही वीर्याचा रिपोर्ट म्हणजे शुक्राणूंचा एक आकडा, हे अंतर मला बोचते.

त्या आकड्याचा अर्थही समजून घेतला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या खालच्या मर्यादा अशा आहेत: वीर्य १.४ मिलिलिटर, प्रत्येक मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण ३ कोटी ९० लाख. हे आकडे बाप झालेल्या पुरुषांच्या मोजणीतून आले आहेत आणि त्या बापांपैकीही पाच टक्के या रेषेखाली होते. म्हणजे रेषेखाली आला तो नापीक असे नाही आणि वर आला तो सुटला असेही नाही. सगळे रिपोर्ट ठीक असूनही मूल होत नाही अशी कितीतरी जोडपी असतात. त्यांच्या फायलीवर ‘कारण अज्ञात’ असे लिहिले जाते. घरात मात्र कारण अज्ञात राहत नाही, ते सुनेच्या नावावर टाकले जाते.

अशा एका अज्ञात कारणावर २०११ मध्ये उजेड पडला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी अधिवृषणात शुक्राणूवर चढणाऱ्या एका प्रथिनाचा जनुक तपासला. हे प्रथिन शर्करेने लगडलेले असते आणि त्यामुळे शुक्राणू गर्भाशयमुखाच्या चिकट स्रावातून पार होऊ शकतो. जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या पुरुषांचे शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली नेहमीसारखे दिसतात, संख्येने आणि चालीने. पण गर्भाशयमुखाच्या स्रावासारख्या दाट जेलमधून ते नीट पुढे सरकत नाहीत. चीनमधल्या नवविवाहित जोडप्यांचा पाठपुरावा केला तेव्हा अशा पुरुषांच्या बायकांना दिवस जायला जास्त वेळ लागला. संशोधकांना आढळले की हा बिघाड दुर्मीळही नाही. अशा नवऱ्याचा रिपोर्ट आपल्याकडच्या कोणत्याही प्रयोगशाळेत ‘नॉर्मल’ येईल आणि त्याची आई तो कागद सुनेपुढे धरील.

दुसऱ्या टोकाला रिपोर्टमध्ये शून्य आलेला पुरुष असतो. शुक्राणू नाहीत एवढे वाचून कुटुंब खचते. साखर कारखान्यातून पोती बाहेर आली नाहीत तर गाळप बंद आहे की फाटकापुढचा रस्ता बंद आहे, हे आपण आधी पाहतो. इथेही तेच पाहायचे असते आणि उत्तर द्रव देतो. वीर्य अगदी थोडे, आम्लधर्मी, त्यात फ्रुक्टोज नाही आणि ते घट्टही होत नाही, तर रेताशयाचा स्राव त्यात पोचत नाही असा अर्थ निघतो. काही पुरुषांत शुक्रवाहिन्या जन्मतःच नसतात, त्यांच्यात असेच दिसते. वृषणात मात्र शुक्राणू तयार होत असतात आणि ते सुईने काढता येतात. ही खूण शोधायला महागडे यंत्र लागत नाही. टोरोंटोच्या संशोधकांनी २०१३ मध्ये पुढचे पाऊल टाकले. वीर्यद्रवातली दोन प्रथिने, टेक्स-१०१ आणि ईसीएम-१, मोजून अडथळा आहे की निर्मितीच बंद आहे, हे बरेचसे ओळखता येते असे त्यांनी दाखवले. वृषणात सुई खुपसण्याआधी एवढे कळले तर कितीतरी पुरुषांची वेदना वाचेल.

एक आक्षेप मला गंभीरपणे घ्यावा लागतो. १९९२ पासून एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याचे तंत्र, इक्सी, उपलब्ध आहे. त्यात वीर्यद्रव पूर्ण धुवून टाकतात आणि तरी मुले जन्मतात. मग द्रवातल्या प्रथिनांचे एवढे कौतुक कशासाठी? आक्षेप खरा आहे. द्रवाशिवाय गर्भ राहतो, यात शंका नाही. पण इक्सीत काय होते ते पाहा. दोष पुरुषाचा असला तरी रोज इंजेक्शने घेते ती बाई. अंडाशय सुजतात तिचे, स्त्रीबीजे काढताना भूल दिली जाते तिला, चक्र फसले तर रक्तस्राव आणि निराशा तिची. लाखभर आणि त्याहून अधिक खर्च दोघांचा, देह मात्र एकटीचा. पुरुषाच्या द्रवात काय बिघडले आहे हे शोधायचे नाही आणि त्याचा उपचार बाईच्या शरीरावर करायचा, हा आजच्या वंध्यत्वचिकित्सेचा मोठा अन्याय आहे. तो तंत्रज्ञानाने लादलेला नाही. पुरुषाची तपासणी उथळ ठेवण्याच्या आपल्या सवयीने लादला आहे.

शिवाय द्रवाचे काम शुक्राणूपाशी संपत नाही. लामा या उंटाच्या कुळातल्या जनावरात तर नराच्या वीर्यातले एक प्रथिन मादीच्या रक्तात जाते, मेंदूमार्फत संप्रेरक सोडवते आणि तिचे स्त्रीबीज बाहेर पडते. २०१२ मध्ये कॅनडा आणि चिलीतल्या संशोधकांनी ते प्रथिन म्हणजे चेतातंतूंच्या वाढीचा घटक असल्याचे सिद्ध केले. रिटा लेव्ही-माँटाल्चिनी यांना १९८६ चे नोबेल ज्याच्यासाठी मिळाले, तोच हा घटक. वळूच्या रेतद्रवातही तो आढळतो. उंदरांवर ॲडलेडच्या सारा रॉबर्टसन यांनी केलेले काम सांगते की वीर्यद्रवाच्या स्पर्शाने मादीची प्रतिकारशक्ती येणाऱ्या गर्भाला परके न मानण्याची तयारी करू लागते. माणसात याचा प्रभाव किती, यावर अजून वाद आहेत, आणि जनावरातले निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लावू नयेत. तरी बीज आणि क्षेत्र ही जुनी विभागणी आता टिकत नाही.

इथेच एक धोका आहे आणि तो मी आवर्जून सांगतो. ‘वीर्यातली प्रथिने’ हे शब्द ऐकले की काही लोकांच्या दुकानाला बरकत येते. एसटी स्टँडच्या भिंतीवर, रेल्वेच्या कडेला रंगवलेल्या जाहिराती गुप्तरोग आणि धातू जाण्याची भीती विकतात. एका थेंब वीर्यासाठी कितीतरी थेंब रक्त आटते, या समजुतीने सातारा-सांगलीतल्या असंख्य तरुणांची झोप उडवली आहे. मानसोपचारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी १९६० मध्ये या भीतीतून होणाऱ्या आजाराचे वर्णन करून ठेवले. हिशेब साधा आहे. माणसाच्या वीर्यद्रवात एका मिलिलिटरला सुमारे ३५ ते ५५ मिलिग्रॅम प्रथिने असतात. एका वेळच्या तीन मिलिलिटर वीर्यात दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास. तेवढी प्रथिने चमचाभर गाईच्या दुधात असतात. त्याने कोणाचे शरीर झिजत नाही, आणि प्रथिनांची पावडर खाऊन वीर्यातली प्रथिने सुधारतही नाहीत. ती ग्रंथी संप्रेरकांच्या हुकमाने तयार करतात. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’मधून या भीतीशी झुंज दिली, खटले अंगावर घेतले. इतक्या वर्षांनंतरही त्या भिंती रंगतातच.

प्रथिनांवर आधारलेल्या नव्या तपासण्यांबाबतही सावध राहावे. त्यांतल्या बहुतेक अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहेत. कोणी त्या आजच नेमक्या निदानाच्या म्हणून विकू लागला तर डॉक्टरला पुरावा विचारा. मी मागतो आहे ते त्याहून साधे आहे. वीर्यतपासणीच्या कागदावर शुक्राणूंच्या आकड्याशेजारी प्रमाण, आम्लता, पातळ होण्यास लागलेला वेळ आणि गरजेनुसार फ्रुक्टोज यांची नोंद हवी. ती नोंद पाहून प्रश्न विचारणारा डॉक्टर हवा, आणि तिच्याआधी नवऱ्याच्या कामाची विचारपूस हवी.

ही विचारपूस आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. विटा, खानापूर, आटपाडीकडची हजारो माणसे सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर भट्टीपुढे बसतात. वृषण शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंड राहावे लागतात, म्हणून तर ते शरीराबाहेर आहेत. रोजची धग तिथे काय करते, हे गलाईवाल्याला कोणी विचारले आहे का? अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या जवान सैन्यात जातात आणि वर्षातले थोडे दिवस घरी येतात. त्या थोड्या दिवसांत बायकोचे स्त्रीबीज बाहेर पडण्याचा काळ आलाच नाही तर त्यात कोणाच्याच शरीराचा दोष नाही. तंबाखू, विडी, दारू, शस्त्रक्रियेने बरी होऊ शकणारी वृषणाची फुगलेली नस, मधुमेह, हे सगळे नवऱ्याच्या बाजूचे प्रश्न आहेत आणि ते विचारण्याआधीच सुनेची गर्भनलिका तपासायला पाठवतात.

साताऱ्याने एक काम करून दाखवले आहे, त्याची आठवण द्यायला हवी. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून ‘नकुशी’ नाव मिळालेल्या २८५ मुलींना २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात नवी नावे देण्यात आली. मुलगा की मुलगी हे बापाच्या शुक्राणूने ठरते, आणि तरी त्या मुलींच्या आयांनी मुली झाल्याचा दोष सोसला होता. जिल्हा परिषद आणि कार्यकर्ते हाताशी आले तर पिढ्यांची सवय बदलायला सुरुवात होते, हे तेव्हा दिसले. मूल न होण्याचा दोष बाईवर टाकण्याची सवयही तशीच, लोकांमध्ये उघड बोलूनच मोडावी लागेल. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथे वळूच्या रेताची परीक्षा कशी करायची हे शिकवतात. त्याच जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत नवऱ्याच्या वीर्याची नीट परीक्षा व्हावी, ही मागणी मोठी नाही.

लग्नाला वर्ष झाले, नियमित संबंध आहेत आणि दिवस राहिले नाहीत, किंवा बायकोचे वय पस्तिशीच्या पुढे असून सहा महिने झाले, तर दोघांनी एकदमच डॉक्टरकडे जावे आणि पहिली तपासणी नवऱ्याची करावी. दोन ते सात दिवस संयम पाळून नमुना द्यावा. तो शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा, कारण उशीर झाला तर पातळ होण्याची वेळ नोंदता येत नाही. काही कमी दिसले तर एका रिपोर्टवर निकाल लावू नये. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणून तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी. सासूबाईंनी त्याआधी सुनेला एक शब्दही बोलू नये.